दोन आठवड्यांचा अहवाल आणि वर्षाचा हिशेब: जमैकातील १९६० सालचे एक प्रकरण

विद्यापीठातल्या संशोधन संस्थेने वर्षभरात काय केले, हे सांगायची एक ठरलेली रीत आहे. तज्ज्ञांनी तपासलेले लेख किती, पुस्तके किती, परिषदांत वाचलेले निबंध किती, पीएचडी किती झाल्या, बाहेरून निधी किती आला आणि सरकारी समित्यांवर कोण बसले. वेस्ट इंडीज विद्यापीठाची 'सर आर्थर लुईस सामाजिक व आर्थिक अभ्यास संस्था' (तिथल्या बोलण्यात नुसते 'सालिसेस') हीदेखील याच रीतीने मोजली जाते. जमैकातील मोना, त्रिनिदादमधील सेंट ऑगस्टिन आणि बार्बाडोसमधील केव्ह हिल या तीन परिसरांत तिच्या शाखा आहेत. १९५३ पासून निघणारे 'सोशल अँड इकॉनॉमिक स्टडीज' हे नियतकालिक, दरवर्षीची परिषद, आणि मोनातील डेरेक गॉर्डन डेटाबँक, म्हणजे घरोघरच्या सर्वेक्षणांची मूळ आकडेवारी जपणारे भांडार, ही तिची नेहमीची मिळकत.

हे रकाने भरणे अवघड नाही. त्यांतून संस्थेने समाजात काय घडवले ते कळते का, हे पाहण्यासाठी तिच्या इतिहासातले एकच वर्ष घेतो, १९६०. त्या वर्षी संस्थेने राजधानी किंग्स्टनमधल्या रास्ताफारी पंथावर एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यामागचे क्षेत्रकार्य दोन आठवड्यांचे. आजच्या गुणांकनात तिला 'तांत्रिक अहवाल' या सदरात तळाची जागा मिळाली असती. तरी कॅरिबियन समाजशास्त्रात या संस्थेचे नाव निघाले की पहिल्या काही कामांत तिचा उल्लेख होतोच.

संस्था आणि माणसे

तेव्हा संस्थेचे नाव वेगळे होते: सामाजिक व आर्थिक संशोधन संस्था. १९४८ साली मोना येथे वेस्ट इंडीज युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झाले, त्याच वर्षी ब्रिटनच्या वसाहत विकास निधीतून ही संस्था उभी राहिली. १९९९ मध्ये सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर शाळेशी तिचे विलीनीकरण होऊन आजचे नाव आले. ज्यांचे नाव दिले ते आर्थर लुईस सेंट लुशियाचे. आपल्याकडे अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्यांना 'अमर्याद श्रमपुरवठ्या'च्या १९५४ सालच्या निबंधामुळे आणि १९७९ च्या नोबेलमुळे ओळखतो. या प्रकरणात मात्र ते सिद्धांतकार म्हणून येत नाहीत. १९६० साली ते मोना येथे प्राचार्य होते आणि त्यांनी एका मागणीचे काय केले, एवढाच आपला संबंध.

पाहणी करणारे तिघे. एम. जी. स्मिथ हे मानववंशशास्त्रज्ञ, उत्तर नायजेरियात क्षेत्रकार्य केलेले, संस्थेच्या नोकरीत. रॉय ऑजिए इतिहास विभागातले. रेक्स नेटलफर्ड विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे, पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे तिघांपैकी संस्थेचा माणूस एकच. छापण्याचे काम मात्र संस्थेचे. हिशेबाच्या वेळी हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

परिस्थिती

१९३० साली इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर जमैकात लेनर्ड हॉवेल यांच्यासारख्या काही प्रचारकांनी तोच सम्राट म्हणजे जिवंत ईश्वर, असे सांगायला सुरुवात केली. राज्याभिषेकापूर्वी सम्राटाचे नाव रास ताफारी, म्हणून त्यांना ईश्वर मानणारे ते रास्ताफारी, किंवा नुसते रास्ता. हॉवेलवर १९३४ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला. त्यांनी १९४० मध्ये वसवलेली 'पिनॅकल' ही वस्ती पोलिसांनी १९५४ मध्ये मोडून काढली आणि तिथली माणसे पश्चिम किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांत पांगली. १९५५ मध्ये इथिओपियाच्या सम्राटाने कृष्णवर्णीयांसाठी ५०० एकर जमीन दिल्याची बातमी आली आणि आफ्रिकेला परतण्याच्या आशेला कागदाचा आधार मिळाला.

मग क्लॉडियस हेन्री नावाच्या धर्मोपदेशकाने एकेक शिलिंगाला निळी कार्डे विकली. ५ ऑक्टोबर १९५९ रोजी जहाज सुटेल, पासपोर्ट लागणार नाही, असे आश्वासन होते. खेड्यापाड्यांतून लोक चीजवस्तू विकून किंग्स्टनला आले. जहाज आले नाही. एप्रिल १९६० मध्ये हेन्रीच्या ठिकाणावर छापा पडला, शस्त्रे सापडली. जूनमध्ये त्याचा मुलगा रॉनल्ड याच्या टोळीने रेड हिल्स भागात दोन ब्रिटिश सैनिकांना ठार मारले. त्यानंतर रास्तांसारखा दाढीजटावाला प्रत्येक माणूस शहराच्या नजरेत संशयित झाला. पोलीस वस्त्यांत शिरून धरपकड करत होते, जटा कापत होते.

या दडपणात रास्ता बांधवांपैकी काही प्रमुखांनी विद्यापीठाकडे मागणी केली: आमचा अभ्यास करा, आम्ही कोण आहोत आणि आम्हाला काय हवे ते लोकांना कळू द्या. यात मॉर्टिमो प्लॅनो यांचे नाव आवर्जून घेतले जाते. ज्यांचा अभ्यास करायचा तेच अभ्यासाची मागणी करतात, असे समाजशास्त्रात क्वचितच घडते. लुईस यांनी ती मागणी पुढच्या सत्राच्या समितीपुढे ठेवली नाही. तिघांना मोकळे केले आणि जुलैत काम सुरू झाले.

पाच वर्षे आधीचा लेख

इथे एक तुलना केलीच पाहिजे, कारण ती संस्थेच्या घरातलीच आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ईटन सिम्प्सन यांनी १९५३ साली पश्चिम किंग्स्टनमध्ये याच पंथाचे क्षेत्रकार्य केले होते. त्यांचा लेख १९५५ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात आला. सभा कशा होतात, कोणती गाणी म्हणतात, श्रद्धा कोणत्या, हे त्यात नीट नोंदले आहे. रास्ताफारींवरचा तो पहिला शास्त्रीय अभ्यास मानतात आणि संशोधक आजही तो उद्धृत करतात. पण १९५५ ते १९६० या काळात त्यामुळे एखादा पोलीस हुकूम बदलला, एखादा नळ बसला, असे काही घडले नाही.

विषय एक, शहर एक, छापणारी संस्थाही एक. वार्षिक हिशेबात सिम्प्सन यांच्या लेखाला पूर्ण गुण आणि १९६० च्या पुस्तिकेला अर्धा. फरक लिखाणाच्या दर्जात शोधला तर सापडणार नाही. सिम्प्सन यांचा लेख वाचणारा दुसरा मानववंशशास्त्रज्ञ होता. पुस्तिकेचा पहिला वाचक जमैकाचे प्रीमियर नॉर्मन मॅन्ली होते.

काम कसे झाले

दोन आठवडे म्हणजे नमुना-सर्वेक्षणाला वेळ नाही. घरांची यादी, यादृच्छिक निवड, प्रश्नावलीची चाचणी, यातले काही शक्य नव्हते आणि शक्य असते तरी उपयोग झाला नसता: पोलिसांचे खबरे फिरत असलेल्या वस्तीत प्रश्नावली घेऊन दार ठोठावणाऱ्याला खरे उत्तर कोण देणार? त्यामुळे तिघांनी गटागटांत बसून ऐकले. पंथाचा एकच पुढारी नाही, मठ नाही, सभासदांची नोंदवही नाही. म्हणून एका गटाचे मत सगळ्यांच्या नावावर खपवले जाऊ नये, यासाठी अनेक गट गाठणे हीच पद्धत. त्याला जोड मिळाली जुन्या बातम्या आणि कागदपत्रांची. इतिहासकार सोबत असल्याचा फायदा इथे झाला.

या पद्धतीतून अहवालातले सर्वांत उपयोगी वाक्य निघाले. सर्व बांधवांचे दोनच गोष्टींवर एकमत आहे: रास ताफारी हा जिवंत ईश्वर आहे, आणि कृष्णवर्णीयांचा उद्धार आफ्रिकेला परतण्यानेच होईल. बाकी दाढी, जटा, गांजा, हिंसा, काम, राजकारण यांवर त्यांची मते उरलेल्या जमैकनांइतकीच भिन्न आहेत. पोलिसांच्या दृष्टीने हे निष्कर्षापेक्षा जास्त होते. जटा दिसल्या म्हणजे हेन्रीचा माणूस, या समीकरणाचा आधारच त्याने काढून घेतला.

जुलै संपायच्या आत लुईस यांनी अहवाल पत्रासह मॅन्ली यांच्याकडे पाठवला. पत्रातला मुद्दा असा: चळवळ मोठी आहे, अस्वस्थ आहे, तिचे प्रश्न अग्रक्रमाने हाताळावेत, एकमुखी नेतृत्व नसले तरी सरकारशी बोलायला प्रतिनिधी देण्याची तिची तयारी आहे. या शेवटच्या वाक्याला किंमत द्यायला हवी. अहवाल मिळाल्यावर फोन कोणाला करायचा, हे त्यात होते. धोरणासाठी लिहिलेले कितीतरी अहवाल निव्वळ या एका गोष्टीअभावी कपाटात जातात.

दहा शिफारशींचे पुढे काय झाले

पहिली शिफारस: जमैकनांच्या स्थलांतराची शक्यता पाहण्यासाठी सरकारने आफ्रिकी देशांत शिष्टमंडळ पाठवावे आणि त्यात रास्ता बांधव असावेत. दुसरी: त्याची चर्चा त्यांच्याशी लगेच सुरू करावी. या दोन्ही पाळल्या गेल्या आणि आश्चर्य वाटावे इतक्या लवकर. एप्रिल १९६१ मध्ये नऊ जणांचे शिष्टमंडळ निघाले. त्यात मॉर्टिमो प्लॅनो, डग्लस मॅक आणि फिलमोर अल्वारंगा हे तीन रास्ता होते. इथिओपिया, नायजेरिया, घाना, लायबेरिया आणि सिएरा लिओन असे पाच देश झाले. २१ एप्रिलला आदिस अबाबात सम्राटांची भेटही झाली.

बिघडले ते परतल्यावर. बहुसंख्य सदस्यांचा सूर होता की हे देश कसबी माणसांना घ्यायला तयार आहेत, तेव्हा निवड करून पाठवता येईल. रास्तांची मागणी कसबाच्या अटीवर नव्हतीच. गुलामगिरीत नेलेल्यांचे वंशज म्हणून परतणे हा त्यांचा हक्क होता. तिघांनी वेगळा अहवाल दिला. मुळात मोनाच्या अहवालाने दोन्ही बाजूंना सोयीची अशी सैल मांडणी केली होती, आणि तिघा लेखकांनी जो प्रश्न मिटवला नाही तो नऊ जणांच्या शिष्टमंडळात फुटला. १९६२ च्या सुरुवातीला तांत्रिक पथकही गेले. पण एप्रिल १९६२ च्या निवडणुकीत मॅन्ली यांचा पक्ष हरला, बुस्टामांटे यांचा पक्ष सत्तेवर आला आणि योजना बासनात गेली. ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला. नव्या देशाच्या सरकारला आपल्याच नागरिकांनी देश सोडावा अशी योजना राबवायला नको होती, हे समजण्यासारखे आहे.

तिसरी शिफारस जनतेसाठी होती: बहुतेक रास्ता शांतताप्रिय आणि कष्टाला तयार आहेत हे ओळखा. चौथी पोलिसांसाठी: चौकशा लवकर आटपा आणि शांत माणसांचा छळ थांबवा. ही साफ अपयशी ठरली. एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्स येथे जमिनीच्या वादातून हिंसा झाली, आणि त्यानंतर बेटभर रास्तांना सरसकट पकडून मारहाण झाली. सरकारने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१७ मध्ये. १९६० च्या अहवालाला पोलीस खात्यात पाळणारा कोणी नव्हता. शिफारस प्रीमियरना उद्देशून होती, अंमल शिपायाकडे होता, आणि मध्ये कोणतीही लेखी सूचना, कोणतीही मुदत नव्हती.

पाचवी, सहावी आणि सातवी वस्त्यांबद्दल: कमी भाड्याची घरे, सहकारी बांधकाम, अतिक्रमित जागा सरकारने ताब्यात घेऊन पाणी, वीज, मैला आणि कचऱ्याची सोय करणे, तांत्रिक वर्ग आणि बालचिकित्सालय असलेली नागरी केंद्रे. प्रत्यक्षात १९६६ मध्ये पश्चिम किंग्स्टनमधली 'बॅक-ओ-वॉल' ही वस्ती बुलडोझरने सपाट झाली आणि त्या जागी टिव्होली गार्डन्स ही वसाहत उभी राहिली. घरे झाली, हे खरे. पण अहवालात राहत्या माणसांना जागेवर सोयी द्यायच्या होत्या; इथे आधीची माणसे हटली आणि नव्या घरांचे वाटप पक्षाच्या निष्ठेला बांधले गेले. त्याच वर्षी २१ एप्रिलला हैले सेलासी जमैकात आले. विमानतळावर गर्दी इतकी उसळली की प्लॅनो यांनी पुढे होऊन वाट करून द्यावी लागली. चार महिन्यांच्या आत एकीकडे राजशिष्टाचार आणि दुसरीकडे बुलडोझर. चळवळीला मान द्यायला सरकार शिकले होते, जागा द्यायला नाही.

आठवी: इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चला पश्चिम किंग्स्टनमध्ये शाखा उघडायला बोलवा. हे १९७० मध्ये झाले. अडचण अशी की ते चर्च सम्राटाला ईश्वर मानत नाही. बाप्तिस्मा घ्यायचा तर ख्रिस्ताच्या नावाने. त्यामुळे काही रास्ता चर्चमध्ये गेले, बरेचसे बाहेरच राहिले. लेखकांनी श्रद्धेची नोंद अचूक केली होती, तिच्या परिणामाचा अंदाज मात्र त्यांना आला नाही. नववी सहकारी कर्मशाळांची, दहावी वृत्तपत्रे आणि रेडिओवर चळवळीच्या प्रमुखांना जागा देण्याची. या दोन्हींवर फार बोलण्यासारखे नाही. रेडिओवर रास्तांचा आवाज आला तो पुढे रेगे संगीताच्या वाटेने, सरकारच्या सोयीने नव्हे.

दहांत गांजा नाही, हे चटकन लक्षात येत नाही. पोलीस आणि रास्ता यांच्यातल्या रोजच्या भांडणाचे मुख्य कारण तेच होते. (ही वनस्पती आणि तिचे हे नाव जमैकात नेले ते १८४५ पासून तिथे गेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांनी.) १९६० साली त्यावर सौम्य शिफारस केली असती तर बाकीच्या नऊ वाचल्याच गेल्या नसत्या, असा हिशेब बहुधा असावा. तो चुकीचा होता असे म्हणवत नाही. पण शिल्लक ठेवलेला प्रश्न मिटायला अर्धे शतक लागले. याच विद्यापीठातल्या बॅरी शेव्हान्स यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००१ मध्ये खासगी वापर गुन्हा मानू नये असे सुचवले, आणि २०१५ च्या कायद्याने दोन औंसांपर्यंत गांजा बाळगण्याची फौजदारी शिक्षा गेली, रास्तांना धार्मिक वापराची मुभा मिळाली.

घाईची किंमत

दोन आठवड्यांत जे सुटले ते पुढच्या संशोधकांनी भरून काढले. हॉवेल यांचे चित्र पोलिसी कागद आणि ऐकीव माहिती यांवर बरेच अवलंबून होते; १९८० च्या दशकात रॉबर्ट हिल यांनी वसाहतकालीन दप्तरे चाळून त्यांचे महत्त्व नव्याने मांडले. किंग्स्टनबाहेरचे रास्ता अहवालात जवळजवळ नाहीत. स्त्रियांची बाजू फारशी येत नाही. ती लिहिली गेली १९८० च्या आसपास, खुद्द रास्ता स्त्रियांकडून. आणि ज्यांनी विद्यापीठाला बोलावले तेच गट जास्त दिसतात, हा निमंत्रणावरून केलेल्या अभ्यासाचा कायमचा दोष. बोलावणाऱ्याकडे बोलण्याची ताकद असते. न बोलावणारा नोंदीतून निसटतो.

यावर उपाय म्हणजे घाई टाळणे नव्हे. याच काळातल्या दुसऱ्या कामाशी ताडून पाहा: जमैकन कुटुंबांवरचा एडिथ क्लार्क यांचा अभ्यास. क्षेत्रकार्य १९४७ ते १९४९, पुस्तक १९५७. कुटुंबाच्या रचनेला आठ वर्षे थांबता येते. जुलै १९६० मधल्या धरपकडीला आठ महिनेही थांबता आले नसते. चूक झाली ती पुढे. पहिला अहवाल गेल्यावर पाठोपाठ सहा महिन्यांची, पंथाबाहेरच्या शेजाऱ्यांना आणि किंग्स्टनबाहेरच्या गटांना धरून केलेली दुसरी फेरी झाली नाही. स्मिथ १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाला गेले. संस्थेकडे पाठपुराव्यासाठी राखलेले पद नव्हते.

हिशेब कसा लिहावा

हे काम आजच्या वार्षिक अहवालात लिहायचे झाल्यास पहिला पेच मालकीचा. तीन लेखक, तीन विभाग, एक प्रकाशक. प्रत्येक विभागाने एकेक नोंद केली तर विद्यापीठाच्या बेरजेत एका पुस्तिकेच्या तीन होतात. तीन देशांत शाखा असलेल्या संस्थेत ही दुहेरी-तिहेरी मोजणी नेहमीची आहे. सोपा मार्ग: प्रत्येक प्रकाशनाला एकच क्रमांक, बेरीज क्रमांकांची, आणि विभागांच्या वाट्याला अपूर्णांक. अपूर्णांक कोणालाच आवडत नाहीत, म्हणून तो मार्ग टाळला जातो.

दुसरा पेच काळाचा. जुलै १९६१ अखेर हिशेब मांडला असता तर शिष्टमंडळ जाऊन आलेले, शिफारस यशस्वी. एप्रिल १९६२ नंतर तीच अयशस्वी. १९७० मध्ये आठवी फळाला आलेली, तिच्या अडचणीसह. १९६७ मध्ये विद्यापीठाच्या 'कॅरिबियन क्वार्टर्ली'ने संपूर्ण अहवाल पुन्हा छापला आणि २०१० मध्ये त्याच्या पन्नाशीनिमित्त मोनात रास्ताफारी अभ्यासाची परिषद भरली. म्हणजे उद्धरणांचा आकडाही दर दशकात वेगळा. वर्ष हे एकक प्रकाशनांना चालते, परिणामाला चालत नाही.

म्हणून प्रत्येक धोरणविषयक अहवालासाठी प्रकाशनांच्या यादीपासून वेगळी एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक शिफारशीसमोर पाचच गोष्टी: कोणाला उद्देशून, अंमल प्रत्यक्षात कोणाच्या हातात, पाळली गेली हे कशावरून ओळखायचे, कोणती नोंद किंवा आदेश पुरावा म्हणून चालेल, आणि शेवटचे कधी तपासले. पहिल्या दोन रकान्यांत वेगळी नावे आली की तिथे धोका आहे, हे अहवाल पाठवायच्या आधीच दिसते. चौथ्या शिफारशीत पहिल्या रकान्यात प्रीमियर आले असते, दुसऱ्यात ठाण्यातला शिपाई. तपासणी पहिल्या, पाचव्या आणि पंधराव्या वर्षी करावी, आणि ती मूळ लेखकांनी करू नये. आपल्या शिफारशीला यश मिळाले असे म्हणण्याचा मोह त्यांनाच सर्वांत जास्त असतो. हे काम डेटाबँकेसारख्या कायम विभागाकडे सोपवणे बरे, कारण प्राध्यापक जातात, निधीचे प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतात, आणि भांडार सांभाळणारा माणूस तेवढा जागेवर राहतो. मुलाखतींची टिपणे, कोणत्या गटाशी कधी बोलणे झाले याची यादी आणि वगळलेल्या शिफारशींचा मसुदा हेही तिथेच, नावे झाकून, जमा करावे. गांजाचा मुद्दा मुद्दाम सोडला की राहून गेला, असा प्रश्न पुढे कोणी विचारला तर उत्तर अंदाजाने द्यावे लागणार नाही.